मदत हवी आहे: चार्जर तापल्याच्या तक्रारी येताहेत, नियामकाला कधी कळवायचं?

नमस्कार मंडळी,

घरगुती वापराची छोटी विद्युत उपकरणं बनवणाऱ्या कंपनीत मी गुणवत्ता विभाग बघते. माल अमेरिकेत आणि युरोपात जातो. सध्या एका मॉडेलच्या चार्जरबद्दल तक्रारी येताहेत. परत आलेले नग मी स्वतः पाहिले. पिनेजवळचं प्लास्टिक तपकिरी पडलंय. एकाचं तर फुगून पिन वाकडी झालीय आणि जळका वास अजून जात नाही. सुदैवाने कुणाला इजा झालेली नाही.

ग्राहक सेवेच्या नोंदी उघडल्या आणि धास्तीच बसली. बऱ्याच तक्रारी 'चार्ज होत नाही, बदलून दिला' एवढ्या शेऱ्यावर बंद केल्यात. कॉलचं रेकॉर्डिंग ऐकलं तर ग्राहक 'हात लावता येत नव्हता', 'वास आला' असं स्पष्ट सांगतोय. म्हणजे आमच्या मासिक तक्त्यातला आकडा भरवशाचा नाही.

विक्री विभागाचं म्हणणं, चार्जर बाहेरून येतो, पुरवठादाराचा अहवाल येऊन मूळ कारण कळेपर्यंत कुणाला काही कळवायचं नाही. डिझाइनवाले जोडणी बदलायला तयार आहेत, पण बदल केला तर जुना माल सदोष होता अशी कबुली होईल, ही भीती. वर 'याबद्दल मेल लिहू नका, फोनवर बोला' अशीही सूचना आली आहे. मला ती अजिबात पटलेली नाही.

अमेरिकेत २४ तासांत कळवावं लागतं हे माहीत आहे, पण ते २४ तास मोजायचे कधीपासून? इजा नसतानाही कळवायचं का? आणि परत आलेले नग फोडून तपासले तर चालेल का? हे प्रत्यक्ष हाताळलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावं. कंपनीत पूर्णवेळ वकील नाही.

प्रतिसाद १

इजा होण्याची वाट बघू नका. अमेरिकेच्या १९७२ च्या ग्राहक उत्पादन सुरक्षा कायद्यातलं कलम १५(बी) काढून वाचा. दोषामुळे मोठा धोका होऊ शकतो असं मानायला वाजवी आधार देणारी माहिती हाती आली, की २४ तास सुरू. मूळ कारण सापडण्याशी त्याचा संबंध नाही. खात्री नसेल तर चौकशीला वेळ मिळतो, पण तो साधारण दहा कामकाजाचे दिवस. उत्पादक, आयातदार, वितरक, दुकानदार, सगळ्यांवर ही जबाबदारी आहे, त्यामुळे तुमच्या तिथल्या आयातदाराला आजच सांगा. कळवणं म्हणजे दोष कबूल करणं नव्हे. तसं अहवालात लिहूनही देता येतं.

उशीर किती महाग पडतो ते ग्री या चिनी उपकरण कंपनीच्या प्रकरणात दिसलं. त्यांचे डीह्युमिडिफायर (हवेतला ओलावा कमी करणारी यंत्रं) पेट घेत होते आणि कळवायला उशीर केला म्हणून २०२१ मध्ये ९.१ कोटी डॉलर भरायची वेळ आली. पुढे २०२३ मध्ये त्याच प्रकरणात दोन वरिष्ठ अधिकारी व्यक्तिशः दोषी ठरले. 'मेल लिहू नका' म्हणणाऱ्या वरिष्ठांना हे जरूर दाखवा.

प्रतिसाद २

मी उत्पादन दायित्वाच्या, म्हणजे सदोष मालामुळे झालेल्या नुकसानीच्या भरपाईच्या, दाव्यांचं काम करतो, म्हणून नगांबद्दल आधी. फोडू नका! उद्या दावा झाला तर तोच पुरावा, आणि पुरावा नष्ट केल्याचा ठपका मूळ दोषापेक्षा जड जाऊ शकतो. प्रत्येक नग वेगळ्या पिशवीत, फोटो आणि तारखेसह, कुणाच्या हातातून कुणाकडे गेला याच्या नोंदीसकट कुलपात ठेवा. तपासणी बाहेरच्या वकिलामार्फत, ठरलेल्या पद्धतीने करून घ्या. मेल, रेकॉर्डिंग, चॅट काहीही पुसलं जाणार नाही अशी लेखी सूचना आजच काढा. लिहिताना जे दिसलं तेवढंच लिहा. 'हे जीवघेणं आहे' असले अंदाज नकोत आणि 'किरकोळ आहे' हेही नको. वकिलाला मेलच्या सीसीत (CC) ठेवलं की मेल गोपनीय होते हा गैरसमज आहे. सल्ला मागितलेला असावा लागतो, आणि मूळ वस्तुस्थिती तरीही झाकली जात नाही.

डिझाइन बदलायला घाबरू नका. अमेरिकेच्या फेडरल पुरावा नियम ४०७ नुसार इजा किंवा नुकसान झाल्यानंतर केलेली सुधारणा त्या घटनेतला दोष किंवा निष्काळजीपणा सिद्ध करण्यासाठी वापरता येत नाही. राज्यांच्या न्यायालयांत फरक असतो, ते वकिलाला विचारा. मात्र गुपचूप बदल करायचा आणि जुन्या मालाबद्दल गप्प बसायचं, हे नियामकापुढे फार वाईट दिसतं.

विमा कंपनीलाही लगेच कळवा. उशिरा कळवलं म्हणून दावे नाकारले जातात. माल परत मागवण्याचा खर्च नेहमीच्या दायित्व विम्यात बहुधा नसतो, पॉलिसी नीट वाचा.

युरोपात धोकादायक माल बाजारात गेल्याचं कळताच तिथल्या यंत्रणेला कळवावं लागतं, त्यासाठी सेफ्टी बिझनेस गेटवे हे पोर्टल आहे. १३ डिसेंबर २०२४ पासून लागू असलेल्या सामान्य उत्पादन सुरक्षा नियमनानुसार परत मागवण्याच्या सूचनेत 'ऐच्छिक', 'खबरदारी म्हणून' असे धोका कमी भासवणारे शब्द चालत नाहीत. विक्री विभाग नेमके तेच शब्द घालेल, मसुदा स्वतः तपासा.

आणि गोदामातला त्या मॉडेलचा माल निर्णय होईपर्यंत बाहेर जाऊ देऊ नका. ग्राहक सेवेला आजच सांगा, 'वास', 'धूर', 'गरम' यातला एक जरी शब्द कानावर आला तर तक्रार बंद न करता थेट तुमच्याकडे पाठवायची.