बुलेटची चेन काढून बेल्ट बसवायचाय, सल्ला हवा (बजेट १५ हजार)

तांबडीमाती (कोल्हापूर)
मंडळी, गाडी १९८४ ची बुलेट ३५०, कास्ट आयर्न इंजिन, गिअर उजव्या पायात. इंजिनाची काही तक्रार नाही, वैताग आहे तो चेनचा. पावसाळ्यात गगनबावड्याकडे गेलं की चेनवर लाल चिखल आणि ऑइलचा नुसता राडा. पँट काळी, घरात बोलणी. मागची चेन काढून दातेरी बेल्ट बसवलाय का कुणी? १५ हजारांच्या वर जाणार नाही. गाडी विका वगैरे सल्ले नकोत.

कास्टआयर्न७९
विकणार असाल तर आधी मला सांगा. दर रविवारी चेन डिझेलने धुवायची, ब्रशने घासायची, ९० नंबरचं गिअर ऑइल सोडायचं. माझी चेन-सॉकेट (चेन फिरते ती दातेरी चाकं) वर्षानुवर्षं टिकतात. हल्ली कुणाला हात काळे करायला नकोत.

बे_एरियाचा_बंड्या
इकडे माझ्याकडे हार्ले आहे. त्यांनी १९८० मध्येच स्टर्जिस मॉडेलला बेल्ट दिला होता. ऑइल नाही, आवाज नाही. कस्टम किट बनवून घ्या, सातशे डॉलर म्हणजे काहीच नाही.

घाटमाथा
सातशे डॉलर म्हणजे साठ हजार, बंडोपंत. धाग्याचं शीर्षक परत वाचा.

पप्पूशेठ
गिरणीचा व्ही-बेल्ट टाका. आमच्या गिरणीत एकच पट्टा किती वर्षं चाललाय.

अनू_ठाणे
माझ्या इलेक्ट्रिक स्कूटरला बेल्टच आहे. खडी अडकली आणि दात उडाले. सर्व्हिसवाले म्हणाले, वॉरंटीत बसत नाही. बघा बाई.

लेथवाला_उद्यमनगर
पप्पूशेठ, व्ही-बेल्ट पाण्यात घसरतो. गिरणी घाट चढत नाही.
धागाकर्ते, जुन्या बुलेटचं मागचं सॉकेट ब्रेक ड्रमबरोबरच एकसंध ओतलेलं असतं. चार बोल्ट काढले आणि पुली लावली, असं नाही. ड्रमवरचे दात लेथवर उतरवून तिथे पुली बसवावी लागते. पुढचं सॉकेट प्रायमरी केसच्या (इंजिन ते क्लच चेनच्या आवरणाच्या) मागे; क्लच, डबल चेन, आतलं केस उतरवल्याशिवाय त्याचं दर्शन होत नाही.
पुढे १६, मागे ३८ दात म्हणजे रेशो २.३७५. ८ मिमी पिचच्या (दोन दातांतलं अंतर) बेल्टला पुढे ३० आणि मागे ७१ दात घेतले तर जवळपास तोच येतो. मागची पुली १८१ मिमी, तीही बसेल. बसत नाही ती रुंदी. पट्टा २० मिमी धरला तरी आत टायर, बाहेर केस, जागा आधी मोजा. पट्टा अखंड येतो, चेनसारखं लॉक नाही, म्हणजे स्विंगआर्मही (मागचं चाक धरणारा दांडा) खाली.
खरी गोम ताणात आहे. खड्ड्यात चाक वर-खाली झालं की दोन सॉकेटमधलं अंतर बदलतं. चेन ते सैलपणात झेलते, बेल्ट नाही. त्यात बुलेटचा चेन ताणायचा खाचांचा गोल ॲडजस्टर एकेक खाच पुढे जातो आणि बेल्टला नेमकं मधलं माप हवं असतं.
करायचंच असेल तर भंगारातून दुसरा ड्रम आणा. मूळ ड्रमला हात लावू नका.

कायदेपंडित
मोटार वाहन कायदा, कलम ५२. कंपनीच्या मूळ रचनेत असा बदल चालत नाही. पासिंगला गेलात की कळेल.

घाटमाथा
कलम ५२ आधी सायलेन्सर बदललेल्या बुलेटना लावा. आमच्या गल्लीत रात्री झोप नाही.

कास्टआयर्न७९
बुलेटचा आवाज खटकतो त्यांनी स्प्लेंडर घ्यावी.

घाटमाथा
घेतलीये. फुल चेनकव्हर आहे. पँट स्वच्छ.

सई_सांगली
भांडण संपलं असेल तर एक सांगू? ओ-रिंगची चेन घ्या. पिनांमधलं ग्रीस रबरी कड्यांनी आत सीलबंद असतं, वरून रॉकेलच्या फडक्याने पुसायचं, हलका हात ऑइलचा, झालं. पेट्रोल आणि तारेचा ब्रश मात्र लावायचा नाही, रबर जातं. वरून पत्र्याचं बंद कव्हर करून घ्या, जुन्या जावा-येझदीला असायचं तसं. बजेटच्या खूप आत बसतं.

लेथवाला_उद्यमनगर
ताईंशी सहमत. ओ-रिंग चेन थोडी रुंद असते, केसला घासत नाही ना तेवढं बघून घ्या.

नाशिकचा_बुलेटस्वार
मी बसवलाय बेल्ट! एकदम मख्खन.

तांबडीमाती (कोल्हापूर)
मागचा??

नाशिकचा_बुलेटस्वार
नाही, प्रायमरी. इंजिन ते क्लच. केसमधलं ऑइलच काढून टाकलं, त्यामुळे तिथली गळतीही गेली.

तांबडीमाती (कोल्हापूर)
माझी गळत नाही.

घाटमाथा
बुलेट आणि गळत नाही? आत ऑइल आहे का बघा.

मावळा_००७
ओ-रिंग चेन बेस्ट. अजून कुणीच कशी सुचवली नाही?

तांबडीमाती (कोल्हापूर)
सगळ्यांचे आभार. सईताईंचं शंभर टक्के पटलं. तरी बेल्टच करतोय. भंगारात ड्रम मिळाला, कड थोडी उडालीये पण दात उतरवायचेच आहेत. ॲडजस्टर काढून स्क्रूचा बनवून घेतोय. टायर ते केस जागा मोजली, पट्टा जेमतेम बसतोय. खर्च २२ हजारांवर चाललाय, घरी १५ सांगितलेत. लेथवाले, शनिवारी दुकान उघडं आहे का?

लेथवाला_उद्यमनगर
या. मोजमापं घेऊन या, नाहीतर गाडीच आणा.

कायदेपंडित
पासिंगच्या दिवशी मूळ ड्रम लावून न्याल, ते कळलं आम्हाला.

कास्टआयर्न७९
मूळ ड्रम नुसता पडून राहणार असेल तर मला द्या की. माझ्या सॉकेटचे दात झिजून पार हुकासारखे झालेत.

तांबडीमाती (कोल्हापूर)
वर्षानुवर्षं टिकतात म्हणालात ना? ड्रम देणार नाही.