निगेटिव्ह रक्तगट, सातवा महिना आणि अँटी-डी इंजेक्शन: मदत हवी आहे

नमस्कार. मी नागपूरला मानेवाड्याकडे राहते. माझा रक्तगट बी निगेटिव्ह, ह्यांचा ओ पॉझिटिव्ह. 26 आठवडे झालेत. धंतोलीच्या डॉक्टर मॅडमनी काल फाईलवर लाल पेनने लिहून दिलं: 28 व्या आठवड्याला अँटी-डी, 300 मायक्रोग्रॅम, त्याआधी आयसीटी (आईच्या रक्तात बाळाच्या रक्ताविरुद्ध अँटीबॉडी आहेत का, ही तपासणी).

सासूबाई म्हणतात, "पहिलटकरणीला ते लागत नाही. बाळंत झाल्यावर देतात, मधात कायले टोचून घेते?" त्या काळजीनेच बोलतात. पण मी पहिलटकरीण आहे का, इथेच माझा जीव अडकलाय.

दोन वर्षांपूर्वी चौथ्या महिन्यात माझा गर्भपात झाला, पिशवी साफ करावी लागली. परवा जुनी फाईल काढून एकेक कागद पाहिला. डिस्चार्ज कार्डावर रक्तगट ठळक लिहिलाय. खाली लोहाच्या गोळ्या, पाच दिवसांची अँटिबायोटिक. अँटी-डीचं नाव कुठेच नाही. तेव्हा आम्हाला कुणी काही बोललंही नाही.

यावेळी नवव्या आठवड्यातली आयसीटी निगेटिव्ह आली. तेवढ्यावर निश्चिंत राहू का? शिवाय बाळंतपण माहेरी ठरलंय, लाखांदूरजवळच्या गावात, जुलैअखेर, भर पावसात. तिथे ऐनवेळी इंजेक्शन मिळालं नाही तर? आणि मे महिन्याच्या उन्हात ते दुकानातून दवाखान्यापर्यंत न्यायचं कसं? कृपया अनुभव असलेल्यांनी सांगा.

प्रतिसाद 1

ताई, मी रक्तपेढीत काम करते. तुमची शंका अगदी रास्त आहे. बाळंतपणं नाही, गर्भारपणं मोजायची. गर्भपातातही बाळाचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळू शकतं. बाळ पॉझिटिव्ह असेल तर आईचं शरीर त्याविरुद्ध अँटीबॉडी, म्हणजे त्या रक्ताशी लढणारी प्रथिनं, बनवायला शिकतं. पुढच्या खेपेला त्या वारेतून बाळापर्यंत जाऊन त्याच्या तांबड्या पेशी फोडतात. पोटातच रक्त कमी होतं, जन्मल्यावर जोराची कावीळ होते.

तुमची आयसीटी निगेटिव्ह आली म्हणजे त्या अँटीबॉडी सापडल्या नाहीत. म्हणूनच आता इंजेक्शन घेण्यात अर्थ आहे, कारण अँटी-डी त्या तयार होणं टाळतं, एकदा तयार झालेल्या अँटीबॉडी मात्र इंजेक्शनने जात नाहीत. पण जुना डोस राहिलाय हे मॅडमना स्पष्ट सांगा आणि 28 व्या आठवड्याची तपासणी चुकवू नका.

सासूबाईंना सांगा, पूर्वी बाळंतपणानंतरच द्यायचे हे खरं. तरी शंभरात एक-दोघींना अँटीबॉडी व्हायच्याच, कारण शेवटच्या तीन महिन्यांत आपल्याला कळतही नाही आणि रक्त मिसळतं. 28 व्या आठवड्याचा डोस जोडला की हेच प्रमाण हजारात एक-दोनवर येतं. मधे पोटाला मार बसला किंवा रक्त गेलं तर 28 व्या आठवड्याची वाट पाहू नका, लगेच दाखवा.

आणखी एक. हे इंजेक्शन घेतल्यावर काही आठवडे आयसीटी पॉझिटिव्ह येऊ शकते, कारण बाहेरून दिलेल्या अँटीबॉडी रक्तात फिरत असतात. माहेरच्या डॉक्टरांना हे माहीत नसलं तर "आता उपयोग नाही" म्हणून बाळंतपणानंतरचा डोस राहून जाईल. तारीख आणि डोस फाईलवर लिहून घ्याच.

प्रतिसाद 2

वहिनी, आमच्याकडे मागच्या उन्हाळ्यात हेच झालं. इंजेक्शन 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं. दवाखान्याजवळच्या मेडिकलमध्ये आदल्या दिवशी सांगून ठेवा आणि नंबर लागल्यावरच फ्रीजमधून काढून घ्या. दुरून आणायचं असेल तर थर्माकोलच्या डब्यात बर्फाचा पॅक ठेवा, मधे कापड घाला. बर्फाला टेकून गोठलं की वाया जातं.

बाळंतपणानंतर नाळेतल्या रक्तावरून बाळाचा गट बघतात. पॉझिटिव्ह निघाला तर 72 तासांच्या आत दुसरा डोस हवा. शनिवारी रात्री बाळंत झालात तर रविवारी धावपळ नको, म्हणून आधीच विचारून ठेवा. उशीर झाला तरी सोडू नका, 10 दिवसांपर्यंत देतात, फक्त फायदा कमी होतो. खर्चाचा प्रश्न असेल तर नागपुरातल्या सरकारी डागा स्त्री रुग्णालयात किंवा मेडिकल कॉलेजच्या (जीएमसी) प्रसूती विभागात चौकशी करा.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "मग मीच येते तुझ्यासोबत." आईशीही फोनवर बोलले. बाळंतपण आता नागपूरलाच करायचं, जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आईच इकडे येणार आहे. आयसीटीसाठी पुढच्या सोमवारी रक्त देतेय. रिपोर्ट आला की इथेच कळवते.