मदत हवी आहे : डीबीतल्या फेज-न्यूट्रलच्या जोड्या कशा लावाव्यात?

नमस्कार मंडळी,

कोथरूडला आईबाबांचा नव्वदच्या दशकातला फ्लॅट आहे. तिथले किटकॅट (चिनी मातीचे जुने) फ्यूज काढून नवा डीबी, म्हणजे सगळ्या सर्किटांना वीज वाटणारा बोर्ड, बसवायचाय. काम परवानाधारक वायरमनच करणार आहेत, पण कुठली वायर कुठे जाते हे त्यांच्यासोबत बसून मीच लिहून काढतेय. तपकीर गल्लीतून एमसीबी (करंट मर्यादेबाहेर गेला की वीज तोडणारे स्विच) आणि दोन आरसीसीबी (गेलेला आणि परतलेला करंट सारखा नसला, म्हणजे लीकेज असलं, की वीज तोडणाऱ्या) आणून ठेवल्यात. एक आरसीसीबी स्वयंपाकघर-बाथरूमसाठी, दुसरी बाकी घराला. गीझरमध्ये लीकेज झालं म्हणून रात्री सगळं घर अंधारात जायला नको, दोघंही आता सत्तरीपुढचे आहेत.

फेज, म्हणजे वीज आणणाऱ्या वायरी, पटकन सापडले. एकेक फ्यूज काढायचा, काय बंद पडलं ते बघायचं आणि त्या लाल वायरीला नंबर द्यायचा. घोडं अडलंय न्यूट्रलपाशी, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरींपाशी. फेज आठ आणि काळ्या वायरी पाचच, त्याही सगळ्या एकाच लिंकमध्ये (न्यूट्रल एकत्र जोडायच्या पट्टीत) कोंबलेल्या. वायरमनकाका म्हणतात, "न्यूट्रल सगळे एकच हो ताई." एकच आरसीसीबी असती तर प्रश्नच नव्हता. दोन असताना फेज एकीतून गेला आणि न्यूट्रल दुसरीतून परतला, तर दोघींनाही ते लीकेजच वाटणार. 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी साधी ट्यूबलाइट लावली तरी पडेल (ट्रिप होईल).

त्याहून जास्त धास्ती वेगळ्याच गोष्टीची आहे. सिंगल फेजवर सामाईक न्यूट्रलमधून सगळ्या सर्किटांचा करंट एकत्र परततो. म्हणजे समजा दोन सर्किटांचे 16 अँपिअरचे एमसीबी आपापल्या मर्यादेत, आणि 2.5 स्क्वेअर एमएमची काळी वायर मात्र भिंतीच्या आत तापतेय. ते कोणाच्या लक्षात येणार?

काकांनी मेन बंद करून, वीज नाही याची टेस्टरने खात्री करून सगळे न्यूट्रल सुटे केले. मग प्लगला 1000 वॉटची इस्त्री लावून त्या फेजपासून एकेका काळ्या वायरीपर्यंत मल्टिमीटर लावला. जोडी जमली की साधारण 50 ओहम दिसतात. प्लगांचं असं जमलं. लाइटचं जमेना, कारण एलईडी बल्बमधून मीटरला काहीच कळत नाही. पॅसेजमधल्या टू-वे स्विचच्या दिव्याचा फेज हॉलच्या फ्यूजवरून आलाय आणि न्यूट्रल बहुतेक बाथरूमच्या लाइनवरून घेतलाय.

तर विचारायचंय ते असं :

लाइटच्या पॉइंटना तात्पुरता जुना पिवळा बल्ब लावून हीच तपासणी केली तर चालेल ना? का याहून खात्रीची पद्धत आहे?

ज्या सर्किटांचा न्यूट्रल सामाईक आहे ती सगळी एकाच आरसीसीबीवर घ्यावीत, की वेगळा न्यूट्रल ओढावा? पाइप भिंतीतले आहेत, आणि स्वयंपाकघराच्या पाइपात आणखी वायर शिरेल असं काकांना वाटत नाही. अशा जुन्या घरात वायर ओढताना जुनीलाच नवी बांधून खेचलेली कोणी पाहिली आहे का? मधेच अडकली तर काय करतात?

पॅसेजच्या त्या दिव्यासाठी फेज बदलणं सोपं की न्यूट्रल?

डीबी अजून उघडाच आहे, तेव्हा जाणकारांनी जरा लवकर सांगावं.