एर्लांगनच्या पोएटनफेस्टला आईला न्यावं का? तिला जर्मन येत नाही

मीठभाकर:
मी न्यूर्नबर्गला नोकरी करते. ऑगस्टमध्ये आई येतेय. ती शाळेत मराठी शिकवायची, वाचल्याशिवाय तिला झोप लागत नाही. ऑगस्टअखेर एर्लांगनला बागेत लेखक-कवी येऊन वाचतात, असं ऑफिसात कळलं. तिला जर्मनचं अक्षरही येत नाही आणि माझंही जेमतेमच. परक्या भाषेत दोन तास बसवलं तर तिला शिक्षा वाटेल का? शिवाय गुडघे दुखतात. कोणी आईवडिलांना घेऊन गेलंय का?

अबोली:
ने गं, नक्की ने. मी एर्लांगनमध्येच राहते आणि सहसा चुकवत नाही.

आधी तुला चित्र सांगते. १९८० पासून हे चाललंय. गुरुवार ते रविवार असे चार दिवस असतात, पण तुमच्यासाठी शनिवार-रविवारची दुपार. श्लॉसगार्टन म्हणजे जुन्या राजवाड्यामागची बाग. तो वाडा १८१४ साली जळाला, पुढे विद्यापीठाला मिळाला. झाडांखाली मुख्य मंच, समोर बाकडी, मागे हिरवळीवर लोक सतरंज्या टाकून पसरलेले. दुपारभर एकामागून एक लेखक येतात, साधारण अर्धा अर्धा तास वाचतात. बागेत तिकीट नाही. कधीही उठा, कधीही बसा. आणि लोक ऐकतात कसे! हजारभर माणसं बसलेली असतात, आणि पान उलटल्याचा आवाज माइकमधून येतो.

आता माझ्या आईचं सांगते. ती देवरुखची. २०२५ मध्ये आली होती तेव्हा गणपती २७ ऑगस्टला बसले आणि लगेच दुसऱ्या दिवशी हे सुरू झालं. शनिवारी घरची आरती करून, डब्यात खिरापत घेऊन आम्ही बागेत गेलो. मी तिच्या कानात भराभर भाषांतर करत होते. दहा मिनिटांनी तिने माझ्या हातावर हात ठेवला, म्हणाली, "तू जरा गप्प बस, मला त्याचा आवाज ऐकू दे." मग डोळे मिटून, मांडीवर बोटाने ठेका धरून ऐकत राहिली. ओळ कुठे संपते, तो कुठे थांबतो, सगळं तिला बरोबर कळत होतं. चाळीस वर्षं मुलांकडून कविता म्हणून घेतलेली बाई ती, तिला कळणारच.

एक शब्द मात्र त्या कवितेत पुन्हा पुन्हा येत होता, फालओप्स्ट. "हे काय गं?" मी म्हटलं, झाडावरून आपोआप खाली पडलेली फळं. तिचे डोळे चमकले. "म्हणजे पडीचे आंबे!" लगेच वही काढून देवनागरीत लिहून घेतला. वाचन झालं की लेखक बाजूच्या छोट्या मंचावर गप्पांना येतात. आई तिथे गेली आणि मला म्हणाली, त्याला विचार, ही फळं गोळा करून त्याच्या घरी काय करायचे? मी विचारलं. तो माणूस मनापासून पाच मिनिटं बोलला, आजीचा सफरचंदाचा मुरंबा, कुजका भाग कापून टाकायची सुरी, सगळं. आईने त्याला आंब्याच्या रसाची साटं कशी घालतात ते सांगितलं, मी जमेल तसं जर्मनमध्ये सांगत होते. ती वही अजून तिच्या उशाशी असते.

म्हणून म्हणते, भाषांतर करत बसू नकोस. एखादाच शब्द दे.

गुडघ्यांसाठी बाकड्यावर जागा धर, त्यासाठी लवकर जा. घडीची खुर्ची असेल तर उत्तमच. उन्हं उतरली की गार होतं, शाल ठेव.

पिंपळपान:
अबोलीताईंशी सहमत, पण रात्रीच्या कार्यक्रमांना नेऊ नका. लेखकांच्या लांब मुलाखती असतात, तिथे जर्मन चांगलं लागतं आणि तिकीटही असतं. पाऊस आला तर बागेतली वाचनं मार्कग्राफेनथिएटर आणि रेडुटेनझालमध्ये हलवतात. थिएटर १७१९ चं आहे, आत सोनेरी सज्जे, त्यामुळे पावसाने हिरमोड होणार नाही.

आईंना आणखी एक सांगा. फ्रीडरिश र्‍युकर्ट हा कवी १८२६ पासून १८४१ पर्यंत इथल्याच विद्यापीठात पौर्वात्य भाषांचा प्राध्यापक होता. महाभारतातली नल-दमयंतीची कथा त्याने १८२८ साली जर्मन पद्यात आणली. त्यांना ती मूळ कथा पाठ असेल, त्या गावात बसल्यावर वेगळं वाटेल.

मीठभाकर:
अबोलीताई, तुमचं वाचून आईला फोनच केला. नल-दमयंती ऐकून ती म्हणाली, हंसाचा प्रसंग मी नववीला शिकवायचे. वही घेऊन येतेय. न्यूर्नबर्गहून आलं की स्टेशनवरून फार चालावं लागतं का?

अबोली:
नाही गं, सावकाश चालत दहा-बारा मिनिटं. स्टेशनातून ह्युगेनॉटनप्लाट्झ, तिथून पुढे श्लॉसप्लाट्झ, वाड्याला वळसा घातला की बाग. तिथला कारंजा दिसला की मला फोन कर, मी डावीकडच्या झाडाखाली असते. आईंसाठी बाकड्यावर जागा धरून ठेवते.