मदत हवी आहे: मेकॅनिकल झालं, आता उद्यमबाग, चाकण की बंगळूर? (गाव खानापूर तालुक्यात)

मलप्रभाकाठ
नमस्कार. धाकट्या भावासाठी विचारते आहे. व्हीटीयूतून (विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ) मेकॅनिकल इंजिनिअरिंग यंदा पूर्ण, बॅकलॉग नाही. गाव खानापूरपासून चार किलोमीटर. तीन ठिकाणांहून बोलावणं आलंय आणि आठवड्यात कळवायचं आहे.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत हायड्रॉलिक व्हॉल्व्हचे पार्ट करणारा कारखाना आहे. महिना १६,००० (बेसिक ११,०००), कामाचं नाव 'ट्रेनी इंजिनिअर', घरून जाऊन-येऊन. चाकणला क्वालिटी ट्रेनी, सीटीसी (कंपनीला पडणारा एकूण खर्च) वर्षाला ३ लाख, दोन वर्षांचा बाँड, आणि मूळ मार्कशीट जमा करा म्हणतात. तिथे तिघांत खोली घेतली तर वाट्याला ४,५०० भाडं आणि मेस ३,५०० असं गावच्या मुलांनी सांगितलं. बंगळूरचं एका कन्सल्टन्सीमार्फत आहे. आधी ट्रेनिंगचे २५,००० भरा, मग आयटीत नोकरीची हमी.

शिवाय घरच्यांच्या डोक्यात सरकारी नोकरी आहेच. सीमाभागातल्या मुलांना महाराष्ट्रात अर्ज करता येतो म्हणतात, ते खरं का? नीट आकड्यांत सांगितलंत तर घरी मांडता येईल.

उद्यमबाग_क्यूसी
ताई, बंगळूरचं आधी बाजूला काढा. नोकरी देणारा माणूस पैसे घेत नाही. 'हमी' कोणत्या कंपनीत, कोणत्या पदावर, किती पगारावर हे कागदावर मागून बघा, गाडी तिथेच अडेल. आयटीत जायचंच असेल तर स्वतः शिकून थेट कंपनीत अर्ज करू दे.

आता उरलेल्या दोघांचा हिशेब. सीटीसी ३ लाख म्हणजे हातात २५,००० नव्हेत. बेसिक निम्मं, म्हणजे १२,५०० धरा. कंपनीच्या वाट्याचा पीएफ १२ टक्के, १,५००. ग्रॅच्युइटी ४.८१ टक्के, साधारण ६००. हे दोन्ही सीटीसीतच मोजलेले असतात. राहिले २२,९००. त्यातून त्याचा स्वतःचा पीएफ १,५०० आणि महाराष्ट्राचा व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००) गेला की हातात सुमारे २१,२०० पडतात. भाडं ४,५००, मेस ३,५००, कंपनीची बस नसेल तर येणं-जाणं, फोन, कपडे मिळून ३,५००, आणि महिन्यातून एकदा गावी यायचे २,०००. मागे उरतात ७,७००. पहिल्या महिन्यात खोलीचं डिपॉझिट वेगळं, ते घरूनच द्यावं लागेल.

उद्यमबागेत १६,००० मधून पीएफ १,३२० आणि ईएसआय (कामगार राज्य विमा, उपचारांची सोय) ०.७५ टक्के म्हणजे १२० जातील. कर्नाटकात व्यवसाय कर २५,००० पासून लागतो, त्यामुळे तो शून्य. हातात १४,५६०. उद्यमबाग खानापूर रोडवरच असल्यामुळे बेळगाव शहरात शिरावं लागत नाही. बस आणि चहापाणी मिळून अडीच हजार धरले तरी १२,००० उरतात.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. ईएसआयची मर्यादा महिना २१,०००. उद्यमबागेत तो त्यात बसतो, आणि आई-वडील त्याच्यावर अवलंबून असतील तर त्यांचीही नावं घालता येतात. चाकणचा पगार मर्यादेच्या वर जातो, म्हणजे ईएसआय बहुधा नाही. तिथे ग्रुप मेडिक्लेम आहे का, त्यात पालक येतात का, हे ऑफर घेण्याआधीच विचारा.

पण एवढ्यावर ठरवू नका. हा झाला पहिल्या वर्षाचा हिशेब. दोन वर्षांनी त्याच्या हाताला काय काम येत असेल, त्यावर पुढचा पगार ठरतो.

वाघवडेरोड
बाँडबद्दल. मूळ मार्कशीट कुणाकडेही ठेवायच्या नाहीत. पडताळणीला दाखवायच्या, त्याच दिवशी परत घ्यायच्या, झेरॉक्स सही करून द्यायच्या. मुलगा मध्येच सोडून जाऊ नये म्हणून अडकवतात, आणि मग दुसरीकडे मुलाखतीला जायचं तर दाखवायला हातात काही नसतं.
बाँडमध्ये तीन गोष्टी वाचा. रक्कम किती आणि ती कोणत्या ट्रेनिंगच्या खर्चापोटी आहे. जसजसे महिने जातील तशी ती कमी होते का. कंपनीनेच काढलं तर बाँड सुटतो का. तिसरं लिहिलेलं नसेल तर लिहून मागा.

निपाणीकर_७१
हा धागा पुढे बाकीचेही वाचतील, म्हणून थोडं लिहितो. बेळगाव जिल्हा म्हटलं तरी तालुक्यागणिक गणित बदलतं. निपाणीच्या मुलाला कागलची पंचतारांकित एमआयडीसी वीसेक किलोमीटरवर आहे, त्याने घर सोडायचं कारणच नाही. गोकुळ शिरगाव आणि शिरोलीही आवाक्यात. हुक्केरी, संकेश्वरकडच्यांना हत्तरगीचं एरोस्पेस सेझ (विमानाचे पार्ट करणारं विशेष आर्थिक क्षेत्र) जवळ. तिथल्या कामाला एएस ९१०० ची (विमान उद्योगाच्या गुणवत्ता मानकाची) शिस्त असते, प्रत्येक पार्टचा कागद मागेपर्यंत शोधता आला पाहिजे. मशीनिंगसोबत हीट ट्रीटमेंट, सरफेस ट्रीटमेंटही बघायला मिळाली तर ते शिक्षण मोलाचं. खानापूरहून मात्र हत्तरगी रोजचं जमणार नाही, बेळगावात खोली करावी लागेल.
चाकण घेतलं तर आठवड्याची सुट्टी कोणत्या वारी ते विचारा. पिंपरी-भोसरीकडे बऱ्याच कारखान्यांना गुरुवारची असते. म्हणजे शनिवार-रविवार धरून गावी यायचा बेत फसतो, आणि पुणे-बेळगाव अंतर ३४० किलोमीटरच्या आसपास.

सीमाभाग_दाखले
सरकारी नोकरीचं. होय, महाराष्ट्रात अर्ज करता येतो. महाराष्ट्राच्या सामान्य प्रशासन विभागाचा १० जुलै २००८ चा शासन निर्णय आहे. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषिक उमेदवारांना त्यानुसार संधी मिळते. त्यासाठी त्या गावात १५ वर्षं वास्तव्य असल्याचा विहित नमुन्यातला, सक्षम अधिकाऱ्याचा दाखला लागतो. पदाच्या बाकीच्या सगळ्या अटी इतरांसारख्याच.
चुकतं कुठे ते सांगतो. एक, आपलं गाव यादीत आहे असं गृहीत धरतात. यादीत गावाचं नाव स्वतः बघा, वाडीचं नाव आणि महसुली गावाचं नाव वेगळं असू शकतं. दोन, दाखला साध्या रहिवासी दाखल्यासारखा आणतात. मुदत संपत आली की पळापळ होते, म्हणून शाळा सोडल्याचा दाखला, रेशन कार्ड, वडिलांचा उतारा आजच एका फाईलला लावा. तीन, नोकरीसाठी बाहेर गेलेली मुलं रेशन कार्ड आणि मतदार यादीतलं नाव घाईने शहरात नेतात, आणि पुढे वास्तव्य सिद्ध करताना अडतात. परीक्षा द्यायच्या असतील तोवर ते गावीच राहू द्या.
कर्नाटकच्या परीक्षा द्यायच्या तर कन्नडच्या पात्रता पेपरची तयारी आधी. मराठी माध्यमातली हुशार मुलं त्याच पेपरला अडकतात. आणि राज्यघटनेच्या कलम ३७१ जे चं आरक्षण बेळगावला लागू नाही, ते बीदर, कलबुर्गीकडच्या कल्याण कर्नाटकासाठी आहे. त्या भरवशावर फॉर्म भरू नका.

मलप्रभाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. गाव यादीत आहे, आत्ताच पाहिलं. चाकणला मार्कशीटचं कळवते. उद्यमबागेत तो परवा भेटायला जाणार आहे, तिथे नेमकं काय विचारावं? 'ट्रेनी' म्हणून वर्षभर एकाच मशीनवर उभं करतील अशी त्याला भीती आहे.

उद्यमबाग_क्यूसी
भीती बरोबर आहे. तसं होतं, कारण ऑपरेटर कमी असतात आणि ट्रेनी स्वस्त पडतो. म्हणून त्याने विचारायचं: पहिल्या बारा महिन्यांत कोणत्या विभागात किती महिने? सीएनसी-व्हीएमसीवर (संगणकाने चालणाऱ्या मशीनवर) तीन, इन्स्पेक्शनला तीन, असेंब्ली आणि टेस्टिंगला तीन, उरलेले प्रोसेस प्लॅनिंगला, असं काही ते सांगू शकले तर कारखाना चांगला. 'बघूया की' एवढंच उत्तर आलं तर सावध.
दुसरं, शॉपवर एक चक्कर मारू द्या म्हणावं. बोअर गेज, मायक्रोमीटरवर कॅलिब्रेशनचं लेबल आहे का, मशीनशेजारी ड्रॉइंग लावलंय का, नापास माल वेगळा लाल पेटीत ठेवतात का. व्हॉल्व्हच्या कामात स्पूल (आत सरकणारा दांडा) आणि बोअरमधली (तो ज्यात सरकतो त्या भोकातली) मोकळीक मायक्रॉनमध्ये असते. आडव्या भोकाच्या तोंडाशी एक बर (धातूची बारीक कड) राहिली तरी स्पूल अडकतो. हे जिथे मनावर घेतात तिथे दोन वर्षांत मुलगा ड्रॉइंग वाचायला, जीडी अँड टी (ड्रॉइंगवरच्या आकार-स्थानाच्या मर्यादांच्या खुणा) लावायला आणि बिघाडाचं कारण शोधायला शिकतो. पुढे चाकणला जायचं झालं तरी त्याचीच किंमत होते.
कास्टिंग बाहेरून येत असेल तर फाउंड्रीत जायची संधी मिळेल का तेही विचारू दे. वाळूत ओलावा वाढला की ब्लो होल (वायूची पोकळी), रायझर (जादा धातू पुरवणारा भाग) कमी पडला की श्रिंकेज (आकसून पडलेली पोकळी), हे डोळ्यांनी पाहिलेल्या मुलाला क्वालिटीत कुणी फसवू शकत नाही.
विभाग फिरवायला तयार असतील तर माझं मत उद्यमबाग. नसतील आणि चाकणवाले मार्कशीटचा हट्ट सोडत असतील, तर चाकण.

वाघवडेरोड
चाकणला फोनवर बोलू नका, मेल करा. "मूळ कागद पडताळणीसाठी आणतो, त्याच दिवशी परत हवेत. बाँडचा मसुदा रुजू होण्याआधी वाचायला पाठवा." एवढंच. उत्तराला तीन दिवस द्या. आणि दोन्हीकडे पहिल्याच दिवशी यूएएन नंबर (पीएफ खात्याचा कायमचा क्रमांक) मागून घ्या. नोकरी बदलली तरी तोच नंबर चालतो, दुसरा काढू देऊ नका.

मलप्रभाकाठ
मेल पाठवला. परवा उद्यमबागेतून आला की इथेच लिहिते.