मेकॅनिकल टीई: कॅडचं पॅकेज घेऊ की गेटला लागू?

टीई_मेक
टीई म्हणजे तिसरं वर्ष, पाचवं सेमिस्टर चालू आहे. कोअरमध्येच (मेकॅनिकलच्याच कामात), शक्यतो डिझाइनला जायचंय. क्लासवाले तीन कॅड (कॉम्प्युटरवर डिझाइन काढायच्या) सॉफ्टवेअरचं पॅकेज गळ्यात मारतायत, वर्गातले निम्मे गेट परीक्षेच्या मागे. कॉलेजपासून चाकण एमआयडीसी जवळ आहे. वेळ नेमका कशावर घालवू?

खांदा_आणि_फिलेट
तीन नकोत, एकच नीट शिक. मुलाखतीत गाडी अडते ती ड्रॉइंगवर.

6204 बेअरिंग घे: आतला व्यास 20, बाहेरचा 47, रुंदी 14 मिमी. त्याचा शाफ्ट (आतला फिरता दांडा) आणि हाउसिंग (बाहेरचं घर) मॉडेल कर आणि दोन्हींचं ड्रॉइंग काढ. शाफ्ट फिरतोय, बेल्टचा ताण एकाच दिशेने, म्हणजे घट्ट बसायला हवी ती आतली रिंग. टॉलरन्स (मापात चालणारा फरक) असे: शाफ्टला 20 के6 (+0.015 ते +0.002), हाउसिंगला 47 एच7 (मोठा H, +0.025 ते 0). शाफ्टला सैल फिट दिलास तर रिंग त्याच्यावर हळूहळू घसरत राहते आणि सीट (बेअरिंग बसायची जागा) खाते.

हमखास चूक होते खांद्यापाशी, म्हणजे बेअरिंग टेकतं त्या शाफ्टच्या पायरीपाशी. या बेअरिंगच्या कोपऱ्याची त्रिज्या किमान 1 मिमी, म्हणून शाफ्टची फिलेट (पायरीच्या कोपऱ्यातली गोलाई) त्याहून लहान, 0.6 ठेव. मोठी झाली की बेअरिंग फिलेटवरच चढून बसतं, खांद्याला टेकत नाही. खांद्याचा व्यास साधारण 26. उगाच उंच केलास तर बेअरिंग काढताना पुलर कुठे अडकवणार?

आणि सगळीकडे ±0.01 टाकू नकोस, टर्नर हसेल. बेअरिंगच्या जागेला घट्ट टॉलरन्स, बाकीला आयएसओ 2768-एम (सर्वसाधारण टॉलरन्सचं मानक) पुरे. टप्प्यांची सगळी मापं देऊन वर एकूण लांबीही टॉलरन्ससकट दिली की मापं एकमेकांशी भांडतात. एक टप्पा मोकळा सोड. फर्स्ट अँगलचं चिन्ह (दृश्यं कोणत्या पद्धतीने मांडलीत ते सांगणारं) विसरू नकोस.

गेजरूम
वरच्या के6 ची टॉलरन्स पट्टी 13 मायक्रॉनची (0.013 मिमी) आहे. कॉलेजातलं 0.02 चं व्हर्नियर तिथे निरुपयोगी, 0.01 चा मायक्रोमीटरही अपुराच. 0.001 चा मायक्रोमीटर किंवा स्नॅप गेज (माप हद्दीत आहे का ते तपासणारं) लागतं. आपण लिहिलेलं माप मोजायचं कशाने, हा प्रश्न डिझाइनवाल्याला पडलाच पाहिजे.
म्हणून इंटर्नशिप क्वालिटीत मिळाली तरी नाक मुरडू नका. रिजेक्शन रजिस्टर वाचायला मागा: कोणत्या मापावर जॉब (बनवलेले पार्ट) बाद होतात आणि ते का, टूल झिजलं की क्लॅम्पिंग ढिलं.

घासून_पूस
गेट एमटेक किंवा पीएसयू (सरकारी कंपनी) हवं असेल तरच. 65 प्रश्न, 100 गुण, 3 तास. त्यातले 15 गुण अ‍ॅप्टिट्यूडचे. चुकलेल्या बहुपर्यायी प्रश्नाला गुण कापतात, आकड्यात उत्तर भरायच्या प्रश्नाला नाही. तिसऱ्या वर्षालाही बसता येतं आणि स्कोअर 3 वर्षं चालतो.
सुरुवात एसओएम (स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स) आणि मशीन डिझाइनपासून कर, मुलाखतीलाही तेच विचारतात. कँटिलिव्हर (एकाच टोकाला पक्क्या) पट्टीची जाडी दुप्पट केली तर टोकाचा झोल आठवा हिस्सा का होतो, हे सूत्र न घोकता सांगता यायला हवं.

टीई_मेक
पॅकेज रद्द. हे ड्रॉइंग रेझ्युमेत कसं दाखवू?

खांदा_आणि_फिलेट
एका ओळीत: ‘6204 साठी शाफ्ट व हाउसिंग, फिट निवडीसह’. ए3 प्रिंट फाइलला लावून ने. शाफ्टला के6 च का, एच6 (लहान h) का नाही, हे विचारतीलच.