चुन्यातल्या जुन्या भिंतीवरचा सिमेंटचा गिलावा काढावा का? आणि कुजलेल्या खांबांचं काय?

प्रश्न
शंभरेक वर्षांचं घर आहे. भिंती विटांच्या, चुन्यात बांधलेल्या. मध्यंतरी कुणीतरी जमिनीपासून चार फुटांपर्यंत सिमेंटचा गिलावा केला. आता तो संपतो तिथेच ओल आणि पांढरे क्षार दिसतात, ठोकलं की पोकळ वाजतं. गवंडी म्हणतो, वॉटरप्रूफिंग घालून पुन्हा सिमेंटच करू. घराचं मूळ रूप टिकवायचंय. शिवाय पडवीच्या दोन लाकडी खांबांचे बुंधे कुजलेत. खांबच बदलावे लागतील का?

प्रतिसाद १
पुन्हा सिमेंट अजिबात नको. जोत्यातून चढलेली ओल चुन्यातून बाहेर पडून वाळते. ती वाट सिमेंटने बुजवली की ओल वर सरकते, आणि मागे साठलेले क्षार विटेचा भुगा करतात.

आधी बाहेर बघा. पन्हळ गळते का? भिंतीलगत कोबा केलाय का? बाहेरची जमीन आतल्या फरशीपेक्षा किमान १५ सेंमी खाली हवी आणि उतार भिंतीपासून दूर. हे राहिलं तर नवा गिलावाही जाईल.

सिमेंट पातळ छिन्नीने, कडेकडून तिरकं सोडवा. ब्रेकर लावू नका, विटेचं तोंड उडतं. विटांमधल्या दरजा २० मिमी खोल खरवडा. क्षार कोरड्या ब्रशने झाडा, धुऊ नका, पाण्याबरोबर ते परत आत जातात. मग भिंत काही महिने उघडी ठेवा. घाई इथेच नडते.

माल: १ भाग भिजवून मुरवलेला चुना, ३ भाग धुतलेली, बारीक-जाड मिसळ असलेली वाळू. ओलीच्या पट्ट्यात एक भाग वाळूऐवजी सुरखी (भाजलेल्या विटांची पूड) घ्या. चुना चाळूनच वापरा. न विरलेला खडा राहिला तर महिन्यांनी फुगून खपली उडवतो. भिंत भिजवून ८–१० मिमीचा थर द्या, ओरखडे काढा. नख दाबून खूण उमटेनाशी झाली की पुढचा थर. जाड थर एकदम देऊ नका, चुना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने घट्ट होतो आणि जाड थर आतून मऊच राहतो. ऊन-वारा लागला तर पृष्ठभाग पावडरीसारखा सुटतो, म्हणून ओली गोणपाटं लावा. हातमोजे आणि चष्मा हवाच, चुना डोळा जाळतो.

प्रतिसाद २
खांब पूर्ण काढू नका. स्क्रूड्रायव्हर टोचत वर जा आणि लाकूड कडक लागेल तिथे खूण करा. बहुतेक वेळा कूज खालच्या फूट-दीड फुटातच असते. तेवढाच तुकडा त्याच जातीच्या वाळलेल्या लाकडाचा जोडायचा. सांधा तिरका, लांबी खांबाच्या जाडीच्या निदान अडीचपट, आणि लाकडी खुंट्या. तुळईखाली दोन्ही बाजूंना टेकू आणि जॅक द्या, पण जॅकने फक्त भार पेला. तुळई उचललीत तर वरच्या भिंतीला तडा जाईल. नवा बुंधा दगडी तळखड्यावरच टेकवा. भोवती सिमेंट ओतू नका, पाणी साचून तोच खांब पुन्हा कुजतो. वाळवीची माती दिसली तर आधी तिचा बंदोबस्त.

प्रश्नकर्ता
चुन्यात थोडं सिमेंट घातलं तर लवकर घट्ट होईल ना? आणि वर रंग कोणता?

प्रतिसाद १
लवकर हवं तर सुरखी वाढवा. सिमेंट घातलं की गिलावा कडक होतो आणि नवे क्षारही येतात. वर चुन्याची सफेदीच, दुधाइतकी पातळ, चार-पाच हात. प्लास्टिक इमल्शनने केलेलं सगळं वाया जाईल.

प्रतिसाद ३
रंगाआधी कोपऱ्यात तळहाताएवढी जागा स्काल्पेलने (बारीक धारदार सुरीने) एकेक थर खरवडा. मूळ सफेदीची छटा तिथे सापडेल. जुना चुन्याचा गिलावा घट्ट असेल तिथे हात लावू नका, फक्त पोकळ भाग कापून नवा भरा. आणि फोडण्याआधी प्रत्येक भिंतीचे मोजपट्टी धरून फोटो काढा, नक्षी आणि कडा पुन्हा तशाच काढायला तेच लागतात.